कानातल्या अतिक्रमणास खुले पत्र

प्रति,
मा. ऑस्टिओमा महाशय,
उजव्या कानाची नळी, पडद्याच्या थोडं अलीकडे,
जागामालक: आमचे काका, कापडाचे व्यापारी,
नवी पेठ, सोलापूर.

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं मनापासून अभिनंदन. नवी पेठेत जागा मिळवणं म्हणजे काय, हे इथं पिढ्यान् पिढ्या कापड विकणाऱ्या घराला विचारा. गाडी लावायची तर माणूस पार्क चौकाच्या बाजूला कुठंतरी लावतो आणि चालत येतो. दुकानाच्या पायरीपुढं पुतळा, पुतळ्यापुढं स्टँड, स्टँडपुढं दुसऱ्याचाच हातगाडा, आणि उरलेल्या जागेत रिक्षा, गिऱ्हाईक आणि एखादी निवांत गाय. महापालिकेची गाडी आली की सगळं आत जातं. गाडी वळली की सगळं बाहेर येतं. अशा पेठेत आपण ना पागडी दिलीत, ना परवाना काढलात, ना कुणा नगरसेवकाला हार घातलात. थेट काकांच्या उजव्या कानात पक्कं बांधकाम उठवलंत. तेही हाडाच्या गाठीचं.

जागेची निवडही वाखाणण्यासारखी. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा. केस तिथं, मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथंच. आतले दोन तृतीयांश हाडाचे, आणि त्या हाडावरची कातडी इतकी पातळ की खाली चरबीचा थर औषधालाही नाही. ही कातडी जागची हलत नाही असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती पडद्याकडून बाहेर सरकत असते, दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, आणि सरकताना मळ, धूळ, मेलेली कातडी बाहेर आणून टाकते. म्हणजे कानाची सफाई कान स्वतःच करतो, घंटागाडीची वाट बघत नाही. या चोख व्यवस्थेच्या मधोमध, कवटीची हाडं जिथं एकमेकांना जुळतात त्या सांध्याच्या रेषेवर, आपण पाय रोवलात. खाली बारीक देठ, वर गोल डोकं, अंगावर गुळगुळीत कातडीचं पांघरूण. एकटेच, एकाच कानात. बायकापोरांचा पसारा नाही, त्यामुळं शेजाऱ्यांची तक्रारही नाही.

आणि घाई तर आपल्याला मुळीच नव्हती. आवाजाला मोठा रस्ता लागत नाही. नळी निम्म्याहून जास्त बुजली तरी उरलेल्या फटीतून तो पडद्यापर्यंत जवळपास पुरता पोचतो. म्हणून आपण वर्षानुवर्षं तिळातिळानं वाढलात आणि मालकाला पत्ता नाही. शेवटची फट बुजायला मात्र काहीच लागत नाही. मळाचा एक खडा आणि आंघोळीच्या पाण्याचे चार थेंब पुरतात. मळ पाणी पितो, फुगतो, आणि माणूस टॉवेल घेऊन बाहेर येतो तो कानाला दडा बसल्याचं सांगतच.

खरं तर त्याच्या आधीच आपण पकडले जायला हवे होतात. पण आपल्याला आमच्या पेठेच्या रीतीनं वाचवलं. घासाघीस सुरू झाली की ऐकू कमी येणं हे इथलं धंद्याचं जुनं हत्यार आहे. गिऱ्हाईक कन्नडमध्ये ‘एष्टु’ विचारो, तेलुगूत ‘एंत’ विचारो की मराठीत ‘केवढ्याला’, काकांना तिन्ही भाषा चोख कळतात. ‘दोनशे कमी करा’ हे मात्र त्यांना पूर्वीपासून कोणत्याच भाषेत ऐकू जात नाही. अशा माणसाला खरंच ऐकू येईनासं झालंय, हे कुणी ओळखावं? बाईनं साधी सुती मागितली की काका रेशीमकाठाची इरकल पसरायचे. दुकानातली पोरं म्हणायची, मालक महागडा माल खपवायला बसलेत. उजवीकडून हाक मारली की काका डावीकडं बघायचे. दोन कानांत आवाज पोचताना जो सूक्ष्म फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. एक कान बुजला की हा हिशेब चुकतो. पण काकांनी उजवीकडच्या उधारीवाल्याकडं पाठ फिरवली, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

त्यातून आणखी एक चमत्कार झाला. बुजलेल्या कानात स्वतःचा आवाज घुमतो, म्हणून माणूस नकळत हळू बोलायला लागतो. ज्या काकांचा ‘ए पोरा, चहा सांग’ चाटी गल्लीपर्यंत ऐकू जायचा, ते एकदम मऊ बोलायला लागले. काकांनी कुणा महाराजांची दीक्षा घेतली, अशी बातमी पसरली. काकूंनी दोन सोमवार जास्तीचे धरले. या घराला इतकी शांतता देणारा पहिला आजार म्हणून आपली नोंद व्हायला हरकत नाही.

भांडं फुटलं ते जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत. सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. संमतीवाचन चालू असतं आणि ठरलेल्या शब्दाला हजारो हात एकदम वर जातात, अक्षता पडतात. काकांच्या अक्षता सगळ्यांच्या मागून पडल्या. पुन्हा मागून. पुढं उभ्या असलेल्या गृहस्थांच्या टोपीवर, एकट्याच. जिथं घासाघीस नाही, फायदा नाही, सोंग करायचं कारण नाही, तिथंही काकांना ऐकू येत नाही म्हटल्यावर काकूंच्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला.

तरी आपल्याला काही महिने जास्तीचे मिळालेच. त्याचं श्रेय आपल्या साथीदारांना द्यायला हवं. पहिला साथीदार घरातला, लसूण घालून कोमट केलेलं तेल. तेलानं मळ भिजतो, हाड भिजत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्या आत्याला कोण समजावणार? दुसरा साथीदार परदेशी. १९२३ साली अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग नावाच्या गृहस्थांनी काडीला कापूस गुंडाळून विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून माणसं मळ बाहेर काढण्याच्या नावाखाली तो आत ठासत आली. आता बडच्या डबीवरच छापलेलं असतं, कानात घालू नये म्हणून. सिगरेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याइतकंच लोक ते मनावर घेतात. काका बड वापरायचे नाहीत, तो खर्च आहे. ते गोदामाची किल्ली वापरायचे. किल्ली घातली की त्यांना ठसका लागायचा. कानाच्या नळीत व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी येते, काही माणसांत तिला धक्का लागला की खोकला येतो. घरात कुणाला हे ठाऊक? काकांना खोकल्याचं औषध चालू झालं. कानात आपण आणि चमचा घशात. अशा गावात आपल्याला आणखी कुणी लपवायची गरजच नव्हती.

तिसरा साथीदार म्हणजे कानाचे थेंब. दुकानदारानं दिलेले, शेजाऱ्यानं सुचवलेले, व्याह्यांच्या घरून आलेले. कुणी एकानंही कानात उजेड टाकून बघितलं नाही. न बघता थेंब टाकणं म्हणजे काय, यावर मी फार बोलत नाही. पत्र आपल्या नावचं आहे.

अखेर काका ईएनटीच्या डॉक्टरबाईंसमोर बसले. सोलापुरात १९६३ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, विजयपूर-कलबुर्गीकडचे आणि धाराशिवचे पेशंट इथं येतात, तेव्हा ‘कानाला पुण्याला जावं लागतं’ ही सबब काकांना टिकवता आली नाही. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली मळ ओढून काढला, आणि मळामागं आपण. पांढरे, गुळगुळीत, अगदी सज्जन चेहऱ्यानं बसलेले. त्यांनी सळईचं टोक हलकेच लावलं. मऊ नाही, दबत नाही, धडधडत नाही, रक्त नाही. कडक.

काकूंनी दारातूनच विचारलं, “कॅन्सर नाही ना हो?”

बाई म्हणाल्या, “वाटत तरी नाही. पण वाटण्यावर मी सांगत नाही.”

महाशय, आपल्या कारकिर्दीतलं पहिलं संकट हेच. गिऱ्हाइकाला बरं वाटेल असं बोलायची सवय नसलेलं माणूस. त्यांनी ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा वाजवून कपाळावर मधोमध टेकवला. काका म्हणाले, आवाज उजवीकडं येतोय, म्हणजे आजारी कानाकडं. काकूंना वाटलं कान बरा झाला. उलट आहे. नळीच्या वाटेनं बाहेरचा गोंगाट आत येत नाही, हाडातून गेलेला आवाज बाहेर निसटत नाही, म्हणून बुजलेला कान हाडातलं जास्त ऐकतो. मग नादकाटा आधी कानामागच्या हाडावर आणि नंतर कानासमोर धरला. चांगल्या कानाला समोरचं जास्त ऐकू येतं, काकांना मागचं जास्त आलं. बंद खोलीत हेडफोन लावून आलेखही निघाला. हाडाची रेघ वर, हवेची रेघ खाली, मधे रुंद पट्टा. म्हणजे आतली नस शाबूत, दोष फक्त वाटेचा. ही बातमी काकांच्या दृष्टीनं उत्तम आणि आपल्या दृष्टीनं वाईट. नस गेलेली असती तर आपल्याला हलवून उपयोग काय, असं कुणी तरी म्हणालं असतं.

पुढचं पाऊल मला फार आवडलं. बाईंनी आपला तुकडा तोडून तपासायला पाठवला नाही. आधी सीटी स्कॅन, मिलिमीटरहून पातळ कापांचा. का, असं काकांनी विचारलं, कारण खर्च. उत्तर असं की कानातली प्रत्येक गाठ आपल्यासारखी सालस नसते. कधी लालसर गाठ रक्तवाहिन्यांची असते, चिमटा लावला की थांबेना इतकं रक्त. कधी वरचं हाड विरून मेंदूचं आवरणच खाली आलेलं असतं. आधी नकाशा, मग हत्यार. महापालिकेच्या अतिक्रमण विभागानं हे वाचावं, असं मला वाटतं; ते उलट क्रमानं काम करतात.

स्कॅनमध्ये आपण छान दिसलात. पांढरे शुभ्र, देठासकट. देठ कुठल्या भिंतीला आहे, पडद्याला टेकलाय का, मधल्या कानात काही आहे का, आणि मुख्य म्हणजे आपल्या पाठीमागं काय साठलंय, हेही दिसलं. ही शेवटची बाब गंभीर. वाट बंद झाली की सरकत येणारी कातडी आपल्यामागं अडकते, थर साचतात, आणि ते साचलेलं गाठोडं हाड कुरतडायला लागतं. आपण स्वतः कुणाला चावत नाही, पण आपल्या आडोशानं चावणारा वाढू शकतो. काकांच्या कानात तो अजून नव्हता. ही आपली मेहरबानी नव्हे, वेळेवर आलेल्या दड्याची मेहरबानी.

आता आपल्या गोतावळ्याबद्दल, कारण दुर्मीळ असल्याचा आपल्याला फार गर्व झालाय असं ऐकतो. पाठ्यपुस्तकांतून आपला आकडा देतात तो कानाच्या एकूण शस्त्रक्रियांपैकी ०.०५ टक्के, म्हणजे दहा हजारांत पाच. ठीक आहे. पण आपले चुलतभाऊ आपल्याहून प्रसिद्ध आहेत. एक्झोस्टोसिस त्यांचं नाव. ते एकटे येत नाहीत, दोन्ही कानांत, रुंद बैठकीनं, दोन-तीन मिळून बसतात, आणि येतात ते वर्षानुवर्षं थंड पाण्यात डुंबणाऱ्यांकडं. सर्फिंग करणाऱ्यांच्या कानातलं दुखणं म्हणूनच ते ओळखले जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या निअँडरथल माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या कानांत त्यांच्या खुणा सापडल्या. काकांच्या बाबतीत या चुलतभावांचा संशयच नव्हता. आमच्या गावाला समुद्र नाही, उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला जातो, आणि नळाला पाणी रोज येत नाही. सोलापुरात थंड पाण्यात डुंबून कान खराब करून घ्यायचा तर आधी टँकर मागवावा लागेल.

आणि आपण नवीन नाही आहात. सुश्रुतानं उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले, त्यांत कर्णार्श चार आणि कर्णार्बुदं सात. म्हणजे कानात वाढणाऱ्या गाठींचे प्रकार वेगवेगळे असतात, त्यांना एकाच मापानं मोजू नये, हे या देशात फार आधी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. अर्शासाठी त्यानं औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र अशा चार वाटा सांगितल्या. लसणाच्या तेलाची वाट आत्यानं नंतर घातली.

आजच्या यादीत नावं वाढलीत. मळाच्या ग्रंथींतून उगवणारा अडिनोमा. लाळग्रंथीत नेहमी दिसणारा आणि कानात चुकून उगवणारा प्लिओमॉर्फिक अडिनोमा. केसाच्या मुळातून निघणारी, चुना साठून दगड झालेली गाठ, जी १८८० साली मालेर्ब यांनी वर्णन केली आणि जी मुलांच्या कानापुढं दिसली की आई आधी लिंबाचा रस लावते. विषाणूमुळं येणारा चामखिळीसारखा पॅपिलोमा. नसांच्या आवरणातून येणारी गाठ, रक्तवाहिन्यांची गाठ. कानाच्या कडेवर उठणारी आणि ज्या कुशीवर झोपावं त्याच बाजूला ठणकणारी, १९१५ साली विंकलर यांनी नोंदलेली पुळी, जिच्यावरचा पहिला उपाय उशी बदलणं किंवा उशीला मधे भोक पाडणं हा आहे. यांतला मळग्रंथींचा अडिनोमा मला सगळ्यांत लबाड वाटतो. त्याचा साधा भाऊ आणि दुष्ट भाऊ वरून सारखेच दिसतात. छोटा तुकडा घेतला तर तो निरुपद्रवी ठरतो आणि कडेला शेजारच्या पेशींत घुसणारा भाग तसाच राहतो. म्हणून तो पुरता, भोवतालच्या चांगल्या कडेसकट काढावा लागतो, नाहीतर परत येतो.

दुर्मीळ नसलेला एक नातेवाईक मात्र आमच्याकडं घरोघरी आहे, आणि त्याच्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्याला आणणारे आम्हीच. कान टोचल्यावर पाळीवर येणारा केलॉइड. खरं तर ती गाठही नव्हे. जखम भरायचं काम संपल्यावरही कामगार घरी न जाता भिंत बांधतच राहिले, तसा तो वाढलेला व्रण. सुश्रुतानं बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचायला सांगितले. हल्ली ढोलताशा पथकातली पोरं भिकबाळीसाठी वरच्या कूर्चेत भोक पाडून घेतात, यंत्राच्या बंदुकीनं, रस्त्यावर. काहींच्या पाळीमागं काही महिन्यांनी टणक गोळा उठतो. कानामागून आली अन् तिखट झाली, ती ही. मग कुणीतरी तो नुसता कापतो आणि निम्म्याहून जास्त वेळा तो आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. त्याला कापण्याच्या जोडीला स्टेरॉइडची इंजेक्शनं, दाब देणारी क्लिप, कधी किरणोपचार लागतात. आणि पुन्हा टोचणं बंद. आमच्या शेजारच्या मुलीचा गोळा काढला आणि आईनं विचारलं, आता थोडं बाजूला भोक पाडलं तर चालेल का? लग्नसराई जवळ आली होती.

असो. आपल्याकडं वळतो. बाईंनी काकांना एक चमत्कारिक प्रश्न विचारला: घरात कुणाच्या आतड्यात गाठी निघाल्या होत्या का? काकांना वाटलं बाई चुकीच्या खोलीत आल्या. पण कवटीत, जबड्यात अशा बऱ्याच हाडांच्या गाठी असतील तर गार्डनर यांनी १९५०च्या दशकात वर्णन केलेला एक आनुवंशिक आजार आठवावा लागतो, ज्यात आतड्यातल्या गाठी पुढं कॅन्सरकडं वळतात. काकांकडं तसं काही नव्हतं. आपण एकटेच निघालात.

आपल्यासमोर वाटाघाटीचाही एक मार्ग होता, हे न्यायानं सांगायला हवं. आपण लहान असता, ऐकू नीट येत असतं, मागं काही साठत नसतं, तर बाईंनी आपल्याला तसंच ठेवलं असतं आणि वेळोवेळी नुसतं बघितलं असतं. त्रास न देणाऱ्या गाठीला हात न लावणं हाही इलाजच, आणि तो करायला डॉक्टरला जास्त धीर लागतो असं माझं मत. पण आपण मुख्य रस्ता अडवलात, मग नोटीस निघाली.

ऑपरेशन नळीतूनच झालं, कानामागं चीर द्यावी लागली नाही. आपला देठ बारीक होता म्हणून. वरची कातडी आधी अलगद सोडवून बाजूला ठेवली. ती गोल कापली गेली तर भरताना नळी आकसते आणि नवीनच अडथळा तयार होतो. मग देठाशी बारीक छिन्नी, उरलेल्या उंचवट्यावर हिऱ्याच्या टोकाचं छोटं ड्रिल, सतत पाणी सोडत, कारण घर्षणाची उष्णता हाडातून आत जाते. आपल्या मागच्या बाजूला चेहरा हलवणारी नस खाली उतरते, पुढं जबड्याचा सांधा, आत पडदा. इतक्या नाजूक शेजारात बांधकाम करण्याची आपली हिंमत आणि ते पाडणाऱ्याची हिंमत, यांत मी दुसरीला जास्त गुण देतो. चूक झाली असती तर काकांचं तोंड वाकडं झालं असतं आणि आपल्यावर कुणी खटलाही भरला नसता. शुद्धीवर आल्यावर बाईंनी काकांना डोळे घट्ट मिटायला आणि दात दाखवायला सांगितलं. काका कधी नव्हे ते हसले.

मग औषधात भिजवलेली पट्टी नळीत ठासली आणि कान पुन्हा बंद. आपल्याला काढूनही काकांना ऐकू येत नव्हतं, ते पट्टी निघेपर्यंत. तेवढे दिवस दुकानात आपली आठवण राहिली.

यानंतर आपला छळ सुरू झाला आणि मला तो वाचायला फार आवडला. आपल्याला फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीकडं पाठवलं. हाड कापलं जात नाही, पातळ काप तर नाहीच, म्हणून आपल्याला आम्लात भिजत ठेवलं, आतला चुना निघून जाईपर्यंत. त्याला वेळ लागतो. काका रोज फोन करून विचारायचे, एवढ्याशा खड्याला एवढे दिवस? व्यापारी माणूस, माल पोचला म्हणजे पावती लगेच हवी. पण याच वाट बघण्यात आपलं खरं ठरणार होतं. इथवर प्रत्येकानं आपल्याला ‘साधंच असेल’ म्हणून वागवलं होतं: तेलानं, किल्लीनं, थेंबांनी, शेजाऱ्यांनी. ते साधंच निघालं म्हणून त्यांचं बरोबर होतं, असं मी मानत नाही. बाईंनाही ते साधंच वाटत होतं. फरक एवढाच की त्यांनी ते काचेवर बघून घेतलं.

अहवालात आपलं वर्णन मोजक्या शब्दांत आलं. थराथराचं पक्कं हाड, त्यात तंतुमय पोकळ्या आणि त्या पोकळ्यांतून गेलेल्या रक्तवाहिन्या. चुलतभावांत थर कांद्यासारखे एकावर एक असतात, पण या पोकळ्या सहसा नसतात. आपण कोण, हे त्यावरून ठरलं. दुष्टपणाची खूण नाही. देठासकट निघालात, पुन्हा येण्याची शक्यता फार थोडी.

काकांचा नवा आलेख जवळपास सरळ आहे. आवाजही पूर्वीच्या पट्टीत आलाय, चाटी गल्लीनं तक्रार केली आहे. गावातल्या जयंतीच्या मिरवणुकांतल्या डीजेच्या भिंतीसमोर उभं राहू नका, तिथं वाट नाही तर नसच जाते, आणि ती कुठलीही छिन्नी परत आणत नाही, असं बाईंनी बजावलंय. त्या गुन्हेगारांना मी स्वतंत्र पत्र लिहिणार आहे. त्यांना ते ऐकू जाईल का, हा प्रश्न आहे.

ता. क. — काल बाई म्हणाल्या, असा ऑस्टिओमा रोज दिसत नाही, म्हणून आपला काप काचेवर बसवून विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलाय. काकांनी दोन्ही कानांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ठेवलाय ते ठीक. त्याचं महिन्याला काही भाडं मिळतं का?”

आपला मुळीच नसलेला,
काकांचा पुतण्या,
गल्ल्यावरून, नवी पेठ, सोलापूर